टाकीत ओतलेली बाटली इनटेक व्हॉल्वपर्यंत पोहोचत नाही

प्रश्न सोलापुरातल्या एका गाडीमालकांचा आहे. २०२० ची एक लिटरची टर्बो पेट्रोल गाडी, डायरेक्ट इंजेक्शनची, ६८ हजार किलोमीटर झालेली. रोजचं चालवणं जुळे सोलापूर ते नवी पेठ आणि मुलांची शाळा. सकाळी पहिला सेल्फ मारला की अर्धा-पाऊण मिनिट इंजिन थरथरतं, मिसिंग होतं, म्हणजे मधेच एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाही. चेक इंजिनचा दिवा दोनदा लागून गेला. इंजिन गरम झालं की गाडी पूर्ण ठीक. एका ठिकाणी त्यांना सांगितलं की टाकीत क्लीनरची बाटली ओता, दुसरीकडं हायड्रोजनचं डीकार्ब, म्हणजे इंजिनात हायड्रोजन सोडून कार्बन काढणं, सुचवलं, तिसऱ्यानं हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व असलेला वरचा भाग, उतरवायला लागेल म्हणून सांगितलं. यातलं कुणाचं ऐकू, असं ते विचारतात.

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. आत्ता तिघांचंही ऐकू नका. बाटलीतलं औषध त्या जागी पोहोचतच नाही, हायड्रोजनच्या मशीननं तो थर निघत नाही, आणि या कामासाठी हेड उतरवावं लागत नाही. इनटेक व्हॉल्ववर, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा आत सोडणाऱ्या झडपेवर, कार्बन आहे की नाही, असल्यास किती, हे कॅमेरा घालून डोळ्यांनी बघता येतं. ते बघेपर्यंत साफसफाईवर एक रुपयाही घालू नका.

जुन्या एमपीएफआय इंजिनात इंजेक्टर इनटेक पोर्टमध्ये, व्हॉल्वच्या अलीकडं बसवलेला असतो. तीन-चार बारच्या दाबानं पेट्रोल व्हॉल्वच्या पाठीवर पडतं आणि हवेबरोबर आत जातं. पेट्रोल मुळातच चांगलं सॉल्व्हंट आहे, वर त्यात मिसळलेलं डिटर्जंट असतं. त्यामुळं इंजिन चालू आहे तोवर व्हॉल्वची पाठ सतत धुतली जाते. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इंजेक्टरचं तोंड थेट सिलिंडरच्या आत असतं. दीडशे ते साडेतीनशे बारच्या दाबानं पेट्रोल फवारलं जातं, पण व्हॉल्वच्या पलीकडं. इनटेक व्हॉल्ववरून फक्त हवा जाते, आणि त्या हवेबरोबर जे काही वाहत येईल ते.

वाहत येतं ते ऑइल. कार्बन म्हटलं की लोकांना वाटतं पेट्रोल खराब होतं, नीट जळलं नाही, त्याची काजळी धरली. व्हॉल्वच्या पाठीवरचा थर मुख्यतः इंजिन ऑइलचा असतो. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला थोडा वायू त्यांच्या बाजूनं खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. तो तिथं साठू दिला तर ऑइल सील बाहेर ढकलले जातील. म्हणून पीसीव्ही, म्हणजे क्रँककेसमधला वायू बाहेर काढायची व्यवस्था, तिच्या वाटेनं तो पुन्हा इनटेकमध्ये सोडतात. वर येताना तो ऑइलचं बारीक धुकं, थोडी काजळी, न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ घेऊन येतो. व्हॉल्व कव्हरमधला ऑइल सेपरेटर यातलं बरंच ऑइल गाळून खाली सोडतो, पण सगळं नाही. उरलेलं धुकं दोनशे अंशांच्या पुढं तापलेल्या व्हॉल्ववर बसतं. तव्यावर राहिलेलं तेल जसं आधी चिकट, मग तपकिरी, मग काळं टणक होत जातं, तसंच इथं होतं. त्यात व्हॉल्व स्टेम सीलमधून झिरपणारं ऑइल मिसळतं. इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व क्षणभर एकदम उघडे असतात तेव्हा मागं येणारा एक्झॉस्टचा वायूही काजळी आणून टाकतो. ज्या इंजिनांना ईजीआर, म्हणजे एक्झॉस्टचा थोडा वायू मुद्दाम परत इनटेकमध्ये सोडायची सोय, आहे तिथं ती भर आणखी जास्त.

टर्बो इंजिनात ऑइलच्या वाफेला दोन वाटा असतात. आयडलला आणि हलक्या पायानं चालवताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमध्ये, व्हॅक्यूम असतो, तेव्हा वाफ सरळ मॅनिफोल्डमध्ये ओढली जाते. टर्बोनं दाब धरला की ती वाट बंद होते आणि वाफ टर्बोच्या अलीकडच्या पाइपात जाते. तिथून ती कंप्रेसर, इंटरकूलर असा फेरा मारून येते. इंटरकूलरचा पाइप काढला की आत ऑइलचा ओलसर थर दिसतो तो याचाच. थोडा ओलावा नेहमीचाच आहे. पाइप वाकडा केल्यावर ऑइल धारेनं ओघळलं तर मात्र टर्बो आणि पीसीव्ही दोन्ही तपासायला घ्या.

आता सकाळीच का थरथरतं ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाची किल्ली तिथंच आहे. एमपीएफआय इंजिनात व्हॉल्ववरचा कार्बन थंडीत पेट्रोल शोषून घेतो आणि मिश्रण पातळ पडतं, हे स्पष्टीकरण बऱ्याच मेकॅनिकांना पाठ असतं. डायरेक्ट इंजेक्शनला ते लागू पडत नाही, कारण तिथं पेट्रोल व्हॉल्वला लागतच नाही. इथं बिघडतो तो हवेचा प्रवाह. पोर्टचा आकार असा बेतलेला असतो की हवा सिलिंडरमध्ये विशिष्ट घुमाव घेऊन शिरावी आणि फवारलेलं पेट्रोल त्या घुमावात नीट मिसळावं. व्हॉल्वच्या मानेवर काळे गड्डे बसले की तो घुमाव मोडतो, आणि सगळ्या सिलिंडरना सारखी हवा मिळत नाही. गाडी गरम असताना इंजिन एवढं सहन करून घेतं. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नसते, त्यातच पहिला अर्धा-एक मिनिट ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, एक्झॉस्ट शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून ठिणगी मुद्दाम उशिरा देतो. त्या काळात जळण आधीच काठावर असतं. एखाद्या सिलिंडरला हवा वेडीवाकडी मिळाली की तो सिलिंडर चुकतो. कार्बनचा तुकडा व्हॉल्वच्या सीटमध्ये अडकला तर कंप्रेशनही गळतं. आपल्याकडं गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीच्या पहाटे, अशा तक्रारी वाढतात. एप्रिलमध्ये पारा ४२ वर गेला की त्याच गाड्या गुमान चालतात आणि मालकाला वाटतं दुखणं आपोआप बरं झालं.

टर्बो म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन असं समीकरण करू नका. टाटा नेक्सॉनचं १.२ टर्बो पेट्रोल एमपीएफआय आहे, तर कर्व्हमध्ये आलेलं हायपेरियन डायरेक्ट इंजेक्शनचं. महिंद्राच्या थ्री एक्सओमध्ये १.२ टर्बोचे दोन प्रकार मिळतात, एक पोर्ट इंजेक्शनचा आणि दुसरा टीजीडीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनचा. ह्युंदाई आणि कियाची १.०, १.४ आणि १.५ टर्बो जीडीआय, स्कोडा-फोक्सवॅगनची टीएसआय, महिंद्राचं २ लिटरचं एमस्टॅलियन, मारुतीचं बूस्टरजेट ही सगळी डायरेक्ट इंजेक्शनची. मारुतीच्या ड्युअलजेट नावानं मात्र घोळ होतो. त्यात प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर असले तरी दोन्ही पोर्टमध्येच असतात, त्यामुळं हा आजार त्यांना नाही. टोयोटानं काही इंजिनांत पोर्टमध्ये एक आणि सिलिंडरमध्ये एक असे दोन्ही इंजेक्टर दिले. इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड त्यातलीच. तिथं पोर्टमधला इंजेक्टर व्हॉल्व धुण्याचं कामही करतो. हा प्रश्न काही भारतातला किंवा आजचा नाही. १९९६ मध्ये मित्सुबिशीनं पेट्रोल डायरेक्ट इंजेक्शन मोठ्या प्रमाणावर बाजारात आणलं, पुढं युरोपियन कंपन्या त्यात उतरल्या, तेव्हापासून जगभरचे मेकॅनिक हे व्हॉल्व घासत आलेत. नव्या इंजिनांत सेपरेटर चांगले आले, त्यामुळं थर हळू धरतो. पण धरतोच.

आता तुमच्या गाडीचं बघू. आधी स्कॅनर लावून कोड काय आहे तो लिहून घ्या. दिवा विझला असला तरी नोंद बहुधा राहिलेली असते. पी ०३०० म्हणजे मिसिंग वेगवेगळ्या सिलिंडरमध्ये फिरतंय. पी ०३०१, ०३०२, ०३०३ म्हणजे त्या त्या नंबरच्या सिलिंडरमध्ये. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळचा पहिला स्टार्ट स्कॅनर लावूनच करा. प्रत्येक सिलिंडरचे मिसफायर मोजणारा आकडा लाइव्ह दिसतो, तो बघा. दुपारी गरम गाडी गॅरेजला नेऊन हे कळणार नाही. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये सोडा आणि सकाळी स्वतः हजर राहा.

मिसिंग एकाच सिलिंडरला धरून बसलं असेल तर मी आधी कार्बनवर संशय घेत नाही. त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावा. मिसिंग कॉइलबरोबर गेलं तर कॉइल, नाही गेलं तर प्लगची अदलाबदल करा. ६८ हजारांवर प्लग मूळचेच असतील तर त्यांचा गॅप वाढलेला असणार. टर्बो इंजिनात दाब जास्त असतो, तिथं वाढलेला गॅप लगेच बोलतो. इंजेक्टर गळत असेल तर सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो, सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास येतो आणि त्या सिलिंडरचा प्लग काळा निघतो. रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीतला दाब, रात्रीतून किती पडतं हेही स्कॅनरवर दिसतं. माझ्याकडं हैदराबादच्या नियमित फेऱ्या करणारी एक गाडी आली होती. मालक कार्बनच साफ करायचा म्हणून ठाम होते. कॅमेरा घातला तर व्हॉल्ववर पातळ तपकिरी पापुद्रा, त्याहून जास्त काही नाही. एका प्लगच्या चिनीमातीला केसाएवढी चीर होती. ती थंड असताना ठिणगी खायची आणि गरम झाल्यावर गप्प बसायची. प्लग बदलले आणि काम संपलं. त्या दिवशी मॅनिफोल्ड उतरवला असता तर मजुरी गेली असती आणि थरथर तशीच राहिली असती.

मिसिंग सिलिंडर बदलत फिरतंय, फक्त थंड इंजिनात येतंय, प्लग आणि कॉइल ठीक आहेत, इनटेकमध्ये कुठं हवा गळत नाही, मग कॅमेरा. दोन वाटांनी बघता येतं. एक, थ्रॉटल बॉडी किंवा मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर काढून त्या भोकातून बारीक लवचीक कॅमेरा रनरमधून, म्हणजे मॅनिफोल्डच्या एकेका नळीतून, खाली सोडायचा. मॅनिफोल्डचे रनर लांब आणि वळणाचे असले की कॅमेरा तिथं अडतो. दुसरी वाट मला जास्त आवडते. प्लग काढायचा, क्रँक हातानं फिरवून त्या सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व उघडा आणायचा, आणि टोक मागं वळवता येणारा कॅमेरा प्लगच्या भोकातून आत घालून उघड्या व्हॉल्वच्या फटीतून त्याच्या पाठीकडं बघायचं. पिस्टनचा माथा, इंजेक्टरचं टोक आणि सिलिंडरची भिंत हेही त्याच फेरीत दिसून जातं. प्रत्येक सिलिंडरचा फोटो मोबाइलवर मागून घ्या. फोटो देत नाहीत तिथं काम देऊ नका.

फोटोत काय बघायचं? निरोगी व्हॉल्वची दांडी खाली सरळ उतरते आणि गुळगुळीत वळण घेत पसरते. त्यावर रंग धरलेला चालतो. दांडीची जाडी दुप्पट दिसायला लागली, पसरलेल्या भागावर फुलकोबीसारखे टणक गड्डे आले, पोर्टच्या भिंतीवरही तसाच थर असला, तर साफ करायची वेळ झाली. थर कोरडा आहे की ओला हेही बघा. कोरडा, खडबडीत, सगळ्या सिलिंडरमध्ये साधारण सारखा असेल तर तो वर्षानुवर्षं धरलेला आहे आणि साफ केल्यावर बराच काळ सुख मिळेल. ओला, चकाकणारा, नखाला लागला तर डांबरासारखा ताणला जाणारा थर म्हणजे ऑइल आजही येतंय. सगळीकडं ओला असेल तर पीसीव्ही किंवा टर्बो. एकाच सिलिंडरला जाड आणि ओला असेल तर त्या सिलिंडरचा स्टेम सील किंवा व्हॉल्व गाइड. हे न शोधता नुसतं घासून दिलं तर काही महिन्यांत गाडी परत येते.

टाकीत ओतायच्या बाटलीबद्दल लोक मला सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून थोडं सविस्तर. चांगल्या क्लीनरमध्ये पॉलिइथरअमीन असतं आणि ते काम करतं. इंजेक्टरचं टोक साफ ठेवतं, पिस्टनच्या माथ्यावरचा थर कमी करतं. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजेक्टरला त्याची गरजही असते, कारण त्याचं टोक ज्वाळेत असतं. पण ते पेट्रोलबरोबर जातं, आणि पेट्रोल ज्या वाटेनं जात नाही तिथं तेही जात नाही. हायड्रोजनच्या डीकार्बचीही तीच अडचण. तो वायू इनटेकमधून जातो खरा, पण जळतो सिलिंडरमध्ये. व्हॉल्वच्या पाठीवरून जाताना तो नुसता वायू असतो, टणक कार्बन उकलण्याची ताकद त्यात नसते. इंजिन फ्लशही ऑइलच्या वाटांपुरता. पुणे हायवेला एकदा दाबून मारून आणा, सगळं जळून जाईल, असं आपल्याकडं हमखास सांगतात. हायवेचे फायदे आहेत, ते पुढं सांगतो, पण व्हॉल्वच्या पाठीमागं ज्वाळा नसते. धरलेला थर त्यानं निघत नाही.

इनटेकमध्ये फवारायचे क्लीनर निदान योग्य जागी तरी पोहोचतात. इंजिन गरम करून, टर्बोच्या पुढं, थ्रॉटलपाशी, थोडं थोडं फवारायचं असतं. थर पातळ आणि मऊ असतानाच, म्हणजे गाडी नवी असल्यापासून, दर ऑइल बदलाला हे केलं तर माझ्या मते उपयोग होतो. जाड थरावर मात्र मी फवारत नाही. वरचा भाग मऊ होतो, खालचा तसाच राहतो, आणि सुटलेला कडक तुकडा व्हॉल्वच्या सीटमध्ये किंवा एक्झॉस्टवाटे टर्बोच्या पात्यांपर्यंत जाऊ शकतो. टर्बोच्या अलीकडून फवारणारे लोकही मी बघितलेत. वेगानं फिरणाऱ्या कंप्रेसरवर द्रवाचे थेंब मारण्यात कुठलंही शहाणपण नाही.

जाड थरासाठी खात्रीचा उपाय म्हणजे मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या कवचाचा भरडा हवेनं मारणे. अक्रोडच का? तो कार्बन उडवण्याइतका कडक आहे, पण स्टीलच्या व्हॉल्वला आणि ॲल्युमिनियमच्या पोर्टला ओरखडा पडू नये इतका मऊ. चुकून दोन कण आत राहिले तर जळून जातात. वाळू किंवा काचेची पूड वापरू देऊ नका. तिचा एक कण सिलिंडरमध्ये गेला तरी भिंतीवर रेघ ओढतो. हा भरडा अब्रेझिव्ह विकणारे कुरिअरनं पाठवतात, आणि कंप्रेसर तर प्रत्येक गॅरेजमध्ये आहे. अडतं ते पोर्टच्या तोंडावर घट्ट बसणाऱ्या ॲडॅप्टरपाशी. त्या ॲडॅप्टरला एका बाजूनं भरड्याची नळी आणि दुसऱ्या बाजूनं व्हॅक्यूम क्लीनर जोडलेला असतो. ॲडॅप्टर नसेल तर भरडा गॅरेजभर उडतो आणि इंजिनात नको तिथं शिरतो.

काम असं चालतं. बॅटरी काढायची, पेट्रोलचा दाब उतरवायचा, मॅनिफोल्ड काढायचा. हाय प्रेशरची लोखंडी नळी काढावी लागणार असेल तर आधी कंपनीचं मॅन्युअल बघा. काही कंपन्या ती एकदा सैल केली की नवीच बसवायला सांगतात. मॅनिफोल्ड निघाला की पहिलं काम म्हणजे उघड्या पोर्टमध्ये कापडाचे बोळे. मग एकेक सिलिंडर घ्यायचा. क्रँकचा बोल्ट पान्यानं इंजिन फिरतं त्याच दिशेनं फिरवायचा आणि त्या सिलिंडरचे दोन्ही इनटेक व्हॉल्व पूर्ण बंद आहेत हे पोर्टमध्ये टॉर्च मारून बघायचं. या कामातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. व्हॉल्व किंचितही उघडा असला तर भरडा सरळ सिलिंडरमध्ये. मग सहा-सात बारच्या कोरड्या हवेनं, थोडं थोडं, थांबत थांबत मारायचं. हवा कोरडी हवी, कारण कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी आलं की भरड्याचा लगदा होऊन नळी तुंबते. सुरुवातीला आवाज बोदा येतो, कार्बन निघून धातू उघडा पडला की टणटणीत होतो. हात बसलेला माणूस आवाजावरूनच थांबतो. उरलेले कण व्हॅक्यूमनं ओढायचे, हवेनं फुंकायचे, पुन्हा कॅमेऱ्यानं बघायचं, आणि मगच क्रँक फिरवून पुढच्या सिलिंडरकडं जायचं. काम करणाऱ्यानं डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क लावलाच पाहिजे. अक्रोडाची ॲलर्जी असलेल्याला या कामाजवळ उभंही करू नये.

ही सोय नसलेल्या गॅरेजमध्ये हातानं करता येतं, फक्त धीर लागतो. व्हॉल्व बंद ठेवून पोर्टमध्ये कार्बन विरघळवणारं सॉल्व्हंट ओतायचं, भिजू द्यायचं, नायलॉनच्या किंवा पितळी ब्रशनं घासायचं, काळं पाणी सिरिंजनं ओढून घ्यायचं, आणि पुन्हा ओतायचं. एका दिवसाचं काम दोन दिवसांवर जातं, पण मन लावून केलं तर निकाल चांगला येतो. सॉल्व्हंट आत झिरपलंय असा संशय असेल तर प्लग काढून इंजिन रिकामं फिरवा आणि नंतर ऑइल-फिल्टर बदला. मजुरी ठरवताना मॅनिफोल्ड उतरवणं-चढवणं, साफसफाई आणि नवी गॅस्केट असं वेगवेगळं लिहून मागा. जुनी गॅस्केट पुसून परत बसवू देऊ नका. तिथं हवा गळाली की पुन्हा थरथर सुरू होईल आणि दोष कार्बनच्या माथी जाईल. हेड उतरवायची गरज फक्त स्टेम सील-गाइड खराब असतील किंवा लीक-डाऊन टेस्टमध्ये, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून गळती बघतात त्यात, व्हॉल्व सीट गळताना सापडलं तर. स्टेम सील तर बऱ्याच इंजिनांत हेड न उतरवताही बदलता येतात.

साफ झाल्यावर थर पुन्हा लवकर धरू नये यासाठी पीसीव्ही आधी बघा. आयडलवर ऑइल भरायचं झाकण सैल करा. हलकी ओढ जाणवते ती ठीक आहे. झाकण जोरात आत ओढलं जात असेल, शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर पीसीव्हीचा डायफ्रॅम, म्हणजे आतला पडदा, फाटलाय, आणि तुमचं इंजिन रोज स्वतःचं ऑइल पितंय. मग ऑइल. कंपनीनं सांगितलेला ग्रेड आणि स्पेसिफिकेशन सोडू नका, बाटलीवर एपीआय एसपी किंवा त्यापुढचं असू द्या. शक्य असेल तर त्या ऑइलच्या डेटा शीटमध्ये नोॲक नावाचा आकडा बघा. ऑइल २५० अंशांवर तासभर तापवलं तर किती टक्के वाफ होऊन उडतं, तो हा आकडा. एपीआय एसपीची मर्यादा १५ टक्के आहे, चांगली सिंथेटिक ऑइलं दहाच्या आत असतात. जे उडतं तेच पीसीव्हीवाटे व्हॉल्वकडं जातं, त्यामुळं आपल्याकडच्या उन्हाळ्यात मी हा आकडा बघूनच ऑइल निवडतो. लेव्हल कमाल खुणेच्या वर कधीही नको.

तुमचं चालवणं या इंजिनाला सोसणारं नाही. पाच-सहा किलोमीटरची फेरी, सात रस्त्याला सिग्नल, एसी चालू, आणि ऑइल पुरतं तापायच्या आत गाडी बंद. थंड सिलिंडरच्या भिंतीवरून पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, वाफ वाढते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल किंवा लेव्हल आपोआप चढलेली दिसली तर हेच होतंय. यावर दोन गोष्टी करा. ऑइल कंपनीच्या मुदतीच्या आधी बदला. दहा हजार लिहिलं असेल तर सहा-सात हजारांवर किंवा वर्षाच्या आत. आणि आठवड्यातून एकदा गाडी मोकळ्या रस्त्यावर काढा. अक्कलकोट चाळीसेक किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीस, कुठंही चालेल. एवढ्या पल्ल्यात ऑइल नीट तापतं आणि त्यातलं पेट्रोल आणि पाणी उडून जातं. गाडी दाबायची गरज नाही, एकसारखी चालली की पुरे.

कॅच कॅनबद्दल, म्हणजे पीसीव्हीच्या नळीत ऑइल अडवायला बसवतात त्या डब्याबद्दल, तरुण मंडळी विचारतात. आत जाळी-बाफल असलेला चांगला कॅन काही ऑइल नक्की अडवतो. आत काही नसलेला चकचकीत डबा फारसं काही अडवत नाही. वॉरंटी चालू असेपर्यंत लावू नका. नंतर लावलात तर तो नियमित रिकामा करायची तयारी ठेवा. भरलेला कॅन सगळं ऑइल एकदम इनटेकमध्ये सोडतो.

वीस टक्के इथेनॉलच्या ई-२० पेट्रोलमुळं हा कार्बन धरतो का, हेही हल्ली विचारतात. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून इथेनॉलची चर्चा होणारच. या थराशी त्याचा संबंध नाही, कारण पेट्रोल कुठलंही असो, व्हॉल्वच्या पाठीला ते लागत नाही. ॲव्हरेज थोडं कमी मिळतं ते इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्यानं. डिझेलवाल्यांचा इनटेक तुंबतो ते दुखणं मात्र याच घरातलं. तिथं ईजीआरची काजळी आणि पीसीव्हीचं ऑइल मिळून मॅनिफोल्डच अर्धा भरतो, आणि उपायही मॅनिफोल्ड उतरवून साफ करणं हाच.

काम झाल्यावर थ्रॉटलचं ॲडॅप्टेशन स्कॅनरनं करून घ्या, जुने कोड पुसा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा थंड स्टार्ट पुन्हा मिसफायरचा आकडा लावून बघा. आकडा शून्यावर राहिला तरच बिल चुकतं करा. थरथर तशीच असेल तर इंजेक्टर बेंचवर तपासायला काढा, आणि तिथंही काही सापडलं नाही तर लीक-डाऊन टेस्ट. साफ केलेल्या व्हॉल्वचे फोटो किलोमीटरच्या आकड्यासकट जपून ठेवा. पुढच्या वेळी तीस-चाळीस हजारांनी प्लग बदलायला काढाल तेव्हा कॅमेरा घालून त्यांच्याशी ताडून बघा, मग पुन्हा साफ करायचं की अजून थांबायचं ते ठरवा.